रुअरीच्या नावाचा विस्तव

एप्रिल निम्मा सरला होता आणि आमच्या बेटावर, बोरसालमध्ये, बटाटा लावायला माती नव्हती. हसू नका. दगड होते, पाऊस होता, वारा तर मागाल तेवढा. माती तेवढी नव्हती. पणजोबांच्या वेळी बेटाच्या मालकाला मेंढरं पाळायची हुक्की आली, म्हणून आमच्या लोकांना डोंगरापलीकडच्या हॉगरीच्या भुसभुशीत जमिनीवरून उठवलं आणि या खडकांवर आणून टाकलं. तेव्हापासून खडकाच्या खबदाडीत समुद्रातल्या शेवाळाचे थर द्यायचे, वर कुठून तरी खरवडून आणलेली चार ओंजळी माती टाकायची आणि तिच्यात बटाटा खुपसायचा. त्याला आम्ही शेत म्हणायचो. काहीतरी म्हणावंच लागतं माणसाला.

शेवाळ बायकांनी वाहायचं. ओहोटी लागली की गुडघाभर पाण्यात उतरायचं, कापायचं, डालग्यात भरायचं आणि डालगं पाठीवर टाकून कडा चढायचा. खारं पाणी कण्यावरून खाली कंबरेपर्यंत. मी तेव्हा एकतीस वर्षांची. मिठानं पाठीच्या कातडीला भेगा पडल्या होत्या, पाठ टेकवत नव्हती, म्हणून कुशीवर झोपायचे. बापाला वाटायचं, पोरीला सवयच तशी आहे.

घरात आम्ही दोघंच. मी आणि बाप, टोर्किल. आई लहानपणीच गेली. दोघंच म्हणते खरी, पण बाप तीन धरायचा.

आमच्याकडं चूल विझू देत नाहीत. दलदलीतला कुजक्या गवताचा थर कापून त्याच्या ढेपा वाळवायच्या, तेच आमचं जळण. संध्याकाळी निखारे गोळा करायचे, वर राख ओढायची आणि ओढताना घरातल्या माणसांची नावं घ्यायची, म्हणजे देव तेवढ्यांना सांभाळतो. सकाळी राख सारून फुंकर मारली की घर जागं. तर बाप गुडघे टेकून बसायचा आणि म्हणायचा, "टोर्किल. शोनाग. रुअरी." मग राख ओढायचा.

शोनाग मी. रुअरी माझा धाकटा भाऊ. एकोणीसशे सतरा साली उत्तरेच्या समुद्रात बोटीसकट बुडाला त्याला चार वर्षं झाली होती.

चौदा साली लढाई लागली तेव्हा मालक स्वतः गावात आला होता. चर्चच्या भिंतीवर चढून उभा राहिला, टोपी हातात घेऊन. त्याआधी त्याचं डोकं आम्ही कधी पाहिलं नव्हतं, टकलं होतं. म्हणाला, "पोरं द्या. परत येतील तेव्हा हॉगरी त्यांची." गावानं सोळा पोरं दिली. रुअरीला जायचं नव्हतं. गोठ्याच्या दारात उभा राहून तो मला म्हणाला, "शोने, मला बोटीवर उलट्या होतात गं." बापानं ऐकलं. बाप म्हणाला, "उलट्यांनी कोण मरत नाय. जा. तुझ्या पायानं जमीन येईल घरात."

आधी तार आली, बेपत्ता म्हणून. बाप म्हणाला, "मेला असता तर मेला असं लिहिलं असतं की. सरकारला काय शब्द महाग आहेत?" मग वीस साली टपालातून सरकारची काशाची थाळी आली. जेवढी पोरं मेली तेवढ्या घरी आली. ताटलीएवढी, जड, मध्ये बाई आणि सिंह, आणि कडेला उठावाच्या अक्षरांत पोराचं नाव. लोकांनी ती भिंतीला टांगली. आमच्या बापानं नाव खाली करून दुधाच्या भांड्यावर झाकण म्हणून ठेवली. "बरी बसते," म्हणाला.

दाराला अडसर घालू द्यायचा नाही. चुलीजवळच्या बाकावर उजवीकडं कुणी बसायचं नाही. दर शनिवारी रुअरीचे बूट माशाच्या तेलानं चोळायचे, म्हणजे कातडं तडकत नाही. मी चिडायचे, ओरडायचे. "बाबा, मेला तो! मेलाय!" म्हातारा ऐकून घ्यायचा आणि बूट चोळत राहायचा. आणि खोटं कशाला बोलू, गोठ्यात गाय पिळताना मीही दोनदा त्याचा खोकला ऐकलाय. तसा कोरडा, दोन ठसक्यांचा. मी मागं वळून पाहिलं नाही. कुणाला सांगितलंही नाही.

सोळांतले सात परत आले. हॉगरीत मेंढरंच चरत राहिली. पोरांनी अर्ज केले. मालक म्हणाला, बघू. सरकारी जमीनखातं म्हणालं, बघू. बघता बघता अडीच वर्षं गेली.

मग लॅकलननं माणसं गोळा केली. लॅकलन आमच्या शेजारच्या एफीमावशीचा मुलगा. फ्रान्सात विषारी धूर छातीत गेल्यामुळं चार वाक्यं बोलला की थांबून श्वास ओढायचा. त्यांच्या गोठ्यात सगळे जमले, ते सात, कोपऱ्यात एफीमावशी आणि दाराशी मी.

"जुना कायदा आहे आपला," लॅकलन म्हणाला. "एका दिवसात भिंती, छप्पर आणि चुलीत विस्तव. सूर्य पाण्याला टेकायच्या आत धूर दिसला, तर ते घर कुणाच्या बापाला पाडता येत नाय."

"कोर्टाच्या पुस्तकात आहे का तो कायदा?" नीलनं विचारलं. नील म्हणजे तोंडाचा फाटका, चेहऱ्यावर गोळीचा व्रण, घरात पाच पोरं.

"नाय. पण मेंढरांनी माणसं उठवायची, हे तरी कुठल्या पुस्तकात होतं?"

मी पुढं झाले. "आठवा तुकडा धरा. रुअरीच्या नावाचा."

मग नील बोलला. "शोनाग, राग मानू नको. मेलेल्याला जमीन लागते सहा फूट. ती त्याला समुद्रानं दिली."

"तुझ्या जिभेला हाड आहे का रे मेल्या?" एफीमावशी कोपऱ्यातून कडाडली. "त्याला वचन दिलं होतं का नाय? मग परत येणं न येणं त्याच्या हातात होतं का?"

लॅकलननं श्वास ओढून घेतला. मग म्हणाला, "आठ तुकडे. पण नियम सगळ्यांना एकच. विस्तव ज्याच्या नावाची जमीन त्याच्या चुलीतला. उसना आणला तर घर उसनं. काडीपेटीचा चालणार नाय. आणि सूर्य बुडेस्तोवर धूर नाय दिसला तर तुकडा गेला, बाकीच्यांत वाटला जाईल. कबूल?"

"कबूल," मी म्हणाले.

तुकडे चिठ्ठ्यांनी वाटले. चिठ्ठ्या म्हणजे आमच्याकडं वस्तू. ज्यानं त्यानं आपली खूण लॅकलनच्या टोपीत टाकली. कुणी बटण, कुणी शिंपला. मी रुअरीचा मासे धरायचा गळ टाकला. एफीमावशीनं डोळे मिटून एकेक खूण काढली, आणि पहिल्याच खेपेला तिच्या बोटाला गळ टोचला. पहिला तुकडा ओढ्याकाठचा. सगळ्यांत चांगला. नीलच्या वाट्याला शेवटी टेकाड आलं.

"घ्या!" नील म्हणाला. "मेल्याला ओढा आणि पाच पोरांच्या बापाला टेकाड." आणि थुंकून बाहेर गेला.

घरी येऊन मी बापाला सांगितलं. त्यानं सगळं नीट ऐकून घेतलं. ओढ्याकाठचा तुकडा म्हटल्यावर डोळे जरा चमकलेसुद्धा. "तिथं माझ्या आजीचं घर होतं," म्हणाला.

"मग वासे काढू ना उद्या? छप्पर घालायला वासे लागतील."

आमच्या बेटावर झाड नाही. छपराचे वासे समुद्रानं फुटक्या जहाजांचे आणून दिलेले, तीन पिढ्यांचे, धुरानं काळे झालेले. माणूस घर बदलतो तेव्हा वासे बरोबर नेतो. म्हणून मी विचारलं. बाप वर वाशांकडं पाहत राहिला.

"आणि तो आला म्हणजे?" म्हणाला. "छप्पर नाय, धूर नाय. कसं ओळखेल घर?"

मी भिंतीकडं तोंड करून पडले.

दोन दिवसांनी उजाडताच आम्ही डोंगर ओलांडला. सात पुरुष, त्यांच्या बायका, फावडी, डालगी, तीन गायी. बाप आला नाही. हॉगरीत उतरल्यावर पायाखाली जमीन दबली, तेवढ्यानं मला रडू आलं. एकतीस वर्षांत माझ्या टाचेखाली कधी मऊ काही आलं नव्हतं. नील वाकला, मूठभर माती उचलून हुंगली आणि कुणी बघत नाही असं बघून खिशात घातली.

मी एकटी भिंती रचायला लागले. हिरवळीचे चौकोन कापायचे, गवत खाली करून थरावर थर लावायचे, मध्ये दगड. हातभर रुंद भिंत. दहाएक वाजता हॉगरीचा कारभारी टेल्फर घोड्यावरून आला. दक्षिणेकडचा माणूस, आमची भाषा त्याला येत नव्हती. मालकानं आधीच आणून ठेवलेला कोर्टाचा मनाईचा कागद त्यानं घोड्यावरूनच वाचला. आम्ही कामं थांबवून, टोप्या काढून ऐकलं. वाचून झाल्यावर लॅकलननं हात पुढं केला, कागद घेतला, नीट घडी घातली आणि दोन चौकोनांच्या मध्ये पाचर म्हणून ठोकून बसवला.

"साहेब, आभारी आहोत," तो इंग्रजीत म्हणाला. "भिंत जरा हलत होती."

टेल्फरनं माझ्याकडं चाबकाची मूठ केली. "ही बाई कुणाची?"

"रुअरीची बहीण," लॅकलन म्हणाला.

"आणि रुअरी कुठाय?"

लॅकलन पुन्हा आपल्या भिंतीकडं वळला. टेल्फरच्या घोड्यानं माझ्या भिंतीवर मान घासली, वरचा थर ढासळला. मी तो पुन्हा लावला. दुसरं काय करणार?

दुपारपर्यंत एफीमावशीच्या मदतीनं भिंती खांद्याला आल्या. बाकीच्यांचे वासे चढत होते. माझ्याकडं वासे नव्हते आणि विस्तवही नव्हता. मी फावडं टाकलं आणि डोंगरावर पळाले. तासाभराची वाट.

बाप बाकावर डावीकडं बसला होता. वार शनिवार. मांडीवर बूट, हातात तेलाचा बोळा.

"बाबा, उठा. निदान चार वासे द्या. विस्तव द्या. नाय तर तुकडा जातो."

"छपराला हात लावायचा नाय."

"कुणासाठी ठेवताय छप्पर? कुठनं येणार आहे तो? पाण्याच्या तळातनं?"

बोळा फिरतच राहिला. मग माझ्या तोंडून ते गेलं, चार वर्षं दातांखाली धरलेलं. "तुम्ही पाठवलंत त्याला! मला म्हणाला होता, उलट्या होतात. तुम्ही म्हणालात, तुझ्या पायानं जमीन येईल. आलीय ना जमीन! ओढ्याकाठची! आता ती नको म्हणता होय?"

बोळा थांबला. म्हाताऱ्याची मान खाली. त्याच्या डोक्यावर केस किती विरळ झालेत ते मला तेव्हा दिसलं. जीभ हासडून टाकावी असं वाटलं. पण बोललेलं गिळता येत नाही. मी चुलीतून निखारा उचलायला चिमटा घेतला. त्यानं माझं मनगट धरलं. जोर नव्हता त्या हातात, पण मी चिमटा ठेवला. घरचा विस्तव घरधन्याच्या हातानंच बाहेर जातो. चोरून नेला तर तो विस्तव नव्हे, चोरी.

रिकाम्या हातानं डोंगर उतरले. एफीमावशीनं माझं तोंड पाहिलं आणि पुढचा दगड उचलला. लॅकलन किनाऱ्यावर गेला, आदल्या दिवशी सामान घेऊन इकडं आणलेल्या आपल्या होडीची चार वल्ही आणि शीड खांद्यावर घेऊन खोकत खोकत वर आला.

"हे घाल वर. कोर्ट विचारेल तेव्हा छप्पर म्हणू."

"आणि तू मासेमारी कशानं करणार?"

"तुरुंगात मासे घरपोच देतात म्हणे."

वल्ही आडवी टाकली, शीड ताणलं, दोरांना दगड बांधले. घर उभं राहिलं. दिसायला भुतासारखं, पण घर. मध्ये जमिनीवर मी तीन दगडांची चूल मांडली आणि तिच्यापुढं उकिडवी बसले. विस्तव नाही. सात घरांतून धूर निघाला. शेवटचा नीलच्या टेकाडावरून. सूर्य ढगांखाली आला, लाल झाला. पाऊस भुरभुरायला लागला.

नील खाली आला आणि भिंतीला टेकून उभा राहिला. समुद्राकडं बघून म्हणाला, "हातभर राहिलाय."

"दिसतंय मला."

"मी आपलं सांगितलं."

"नील, तोंड बंद ठेव," लॅकलन म्हणाला.

तेवढ्यात एफीमावशी ओरडली, "अगं बये, डोंगरावर बघ!"

खिंडीतून कुणीतरी उतरत होतं. वाकलेलं, एका अंगावर कलून, हातात काही जड. त्याची चाल मी ओळखली. रुअरीची चाल. मग तो जवळ आला तेव्हा कळलं, चाल बुटांची होती. बापानं रुअरीचे बूट घातले होते. दोन बोटं मोठे होते त्याला, पाय फेकत चालत होता. हातात आमची लोखंडी हंडी, मुठीला चिंधी गुंडाळलेली, आणि पाऊस आत जाऊ नये म्हणून हंडीवर ती काशाची थाळी. या खेपेला नाव वर होतं.

नील बाजूला झाला आणि त्यानं टोपी काढली. बाप वाकून आत आला, चुलीपुढं बसला. थाळी काढताना त्याची बोटं चुर्र झाली. हंडीत निखारे काठोकाठ. ते त्यानं तीन दगडांमध्ये ओतले, मी वर ढेपा रचल्या, दोघांनी मिळून फुंकलं. शिडाच्या भोकातून धूर बाहेर गेला. एफीमावशी बाहेर रडायला लागली, आणि तिच्या रडण्यावरून मला कळलं की सूर्य अजून वर आहे.

हंडी पार रिकामी झाली होती. मी विचारलं, "बाबा, तिथं मागं थोडा ठेवलात ना?"

"कुणासाठी?" तो म्हणाला.

मला वाटलं, संपलं. सुटला म्हातारा. पण जरा वेळानं तो गुडघ्यांवर बसला, राख ओढली आणि नावं घेतली. "टोर्किल. शोनाग. रुअरी." तेव्हा उमगलं. त्यानं पोराला तिथं सोडलं नव्हतं. बरोबर घेऊन आला होता. नील अजून भिंतीबाहेर उभा होता. त्यानं ती नावं ऐकली. टोपी घातली आणि आपल्या टेकाडावर गेला.

पुढच्या आठवड्यात पोलीस आले. सातही जणांना दोन-दोन महिने तुरुंग झाला. मला बाई म्हणून सोडलं. आठव्या घराचा धनी कोण म्हणून जमादारानं विचारलं, कुणी सांगितलं नाही, त्यानं कागदावर टिंब काढलं. दोन महिने आम्ही बायकांनीच सगळ्यांची शेतं लावली. बटाटा त्या वर्षी कुत्र्याच्या डोक्याएवढा आला. लोक जेलातून आले ते बारीक होऊन, आणि लॅकलन अर्धा होऊन. पण पेपरांत बोभाटा झाला होता. लढाईतून आलेल्या पोरांना मालकाच्या मेंढरांसाठी जेलात टाकलं म्हणून शहरात सभा झाल्या. पूर्वी मालकाच्या घोड्याला वाट द्यायची म्हणून आमची माणसं गटारात उतरायची. आता मालकच तोंड चुकवत होता. लढाईनं नऊ पोरं नेली आणि सात आणली, पण ती सात कुणाला भीत नव्हती.

ऑक्टोबरात जमीनखात्याचा साहेब आला. कापणी झालेल्या शेतात टेबल मांडलं, चष्मा लावला, यादी काढली. बाजूला टेल्फर उभा. दुभाष्यानं सांगितलं की सरकार हॉगरी घेतंय, जे लढाईत होते त्यांना तुकडे मिळतील, नाव पुकारलं की हजर म्हणायचं. खोटं कुणी बोललं तर सगळ्यांचेच कागद थांबतील.

लॅकलननं यादीत आठवं नाव लिहून दिलं होतं. नुसतं नाव. पुढं जिवंत की मेला, काहीच लिहिलं नव्हतं. का, ते मी विचारलं नाही.

एकेक नाव झालं. लॅकलन हजर. नील हजर. सातही झाले. मग साहेबानं चष्मा सरळ केला.

"रुअरी, टोर्किलचा मुलगा."

वारा तेवढा होता. बाप माझ्या शेजारी, ते मोठे बूट घालून, थाळी कोटाच्या आत छातीशी धरून. साहेबानं पुन्हा पुकारलं.

"हजर!" मागून आवाज आला. पुरुषाचा, खणखणीत.

बाप वळला. देवा, काय चेहरा झाला होता त्याचा! चार वर्षांची राख सारून कुणी फुंकर मारली तसा. तोंड उघडं, डोळे भरून आलेले, हात पुढं. आणि तिथं नील उभा होता. छाती काढून, पायाला पाय जुळवून, पलटणीतल्यासारखा. ज्यानं सहा फूट म्हटलं होतं तोच. सगळ्यांचे कागद, स्वतःच्या पाच पोरांचं टेकाड, सगळं पणाला लावून.

टेल्फर साहेबाच्या कानाशी लागला.

बाप नीलकडं बघत राहिला. चेहरा हळूहळू विझला. मग तो नीलजवळ गेला, त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि खाली दाबला, बस म्हणावं तसा. टेबलापर्यंत पाय फेकत गेला. थाळी काढून साहेबापुढं ठेवली. विस्तवानं ती काळीनिळी झाली होती, पण अक्षरं उठून दिसत होती.

"हजर नाय साहेब," बाप म्हणाला. "मेला. जायचं नव्हतं त्याला. मी पाठवला."

दुभाष्यानं पहिली दोन वाक्यं इंग्रजीत सांगितली. पुढची सांगितली नाहीत. सांगायची गरज नव्हती बहुतेक, साहेबानं चष्मा काढला होता. त्यानं थाळीवरून बोट फिरवून नाव वाचलं, यादीत काहीतरी लिहिलं.

"मेलेल्याच्या वारसालाही हक्क आहे," तो म्हणाला. "मगाचा आवाज मी ऐकला नाही. वारा फार आहे. कुणाच्या नावे लिहू? तुमच्या?"

"माझं काय राहिलंय?" बाप म्हणाला. "हिच्या लिहा. भिंती हिनं घातल्या."

असं माझं नाव सरकारी कागदावर चढलं. बोरसालच्या बाईचं पहिलं. पुढल्या वर्षी त्या कागदाच्या जोरावर मी मतही दिलं, मालकाच्या माणसाच्या विरुद्ध. पण ते नंतरचं.

त्या संध्याकाळी आम्ही घरी आलो. तोवर शीड जाऊन वासे चढले होते, जुन्या घराचे, बापानंच काढून दिलेले. त्यानं बूट काढले, एकमेकांना टेकवून दाराशी ठेवले. तेल लावलं नाही. बटाटे उकडले होते, खारा मासा होता. तो जेवला. मग जुन्या घरून आणलेल्या बाकावर उजवीकडं जाऊन बसला, जिथं चार वर्षांत कुणी बसलं नव्हतं.

राख ओढायची वेळ झाली. तो उठून चुलीपुढं गुडघे टेकून बसला. निखारे गोळा केले. "टोर्किल," म्हणाला. "शोनाग."

आणि थांबला. राख घेतलेला हात तसाच वर.

इतकी वर्षं मी याचीच वाट बघत होते. मेलाय, मेलाय म्हणून या माणसाच्या डोक्यावर घण मीच घातले होते. आता त्यानं मान्य केलं होतं, सगळ्या गावापुढं. राख पडायची तेवढी बाकी होती. ती पडली की घरात दोनच माणसं.

नव्या गोठ्यात कुणीतरी खोकलं. कोरडं, दोन ठसक्यांचं.

बापानं ऐकलं की नाही, मला माहीत नाही. त्यानं मान हलवली नाही. हात खाली यायला लागला.

"रुअरी," मी म्हणाले.

म्हाताऱ्यानं माझ्याकडं पाहिलं. मग राख ओढली, चूल झाकली आणि गुडघ्यांवर हात टेकत उठला.

"दार नुसतं लोट," म्हणाला. "अडसर नको घालू."

बाप जाऊन आता चाळीस वर्षं झाली. त्याचं नाव मी त्याच आठवड्यात गाळलं. मेलेल्यांचं घ्यायचं नसतं.

रुअरीचं अजून घेते.